जुलैतला करंट

ताई, तुझी तेरवी व्यवस्थित पार पडली. वरण पातळ होतं आणि बुंदी आदल्या दिवशीची असावी, पण लोक पोटभर जेवले आणि हात धुताना तुझं नाव काढत होते. मंगलबाईंसारखी बाई पुन्हा होणे नाही, असं तुझ्या शेजारच्या वकिलीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या आणि निघताना डबा भरून घेऊन गेल्या. फोटो तुझ्या महिला मंडळाच्या कार्यक्रमातला लावला होता, तो हसरा. त्या हसण्याची मला इतकी ओळख आहे की मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

आज मी राळेगावला परत आले. उद्या शाळा आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही शिकवलेलं आहे, पण चांगलं बोलायला काल तिथे अख्खा मांडव भरला होता. जे उरलं ते माझ्या वाट्याला आलं आहे आणि ते मी तुलाच सांगणार, कारण तू आयुष्यभर माझं बोलणं अर्ध्यात तोडलंस आणि आता तुला ते जमणार नाही.

आपल्या घरी वेचणीचा कापूस मधल्या खोलीत रचलेला असायचा, आढ्याला टेकेल इतका. त्यात उड्या मारायची सक्त मनाई होती, त्यामुळे आई-बाबा शेतात गेले की आपण दार-खिडकी लावून घेऊन उड्याच मारायचो. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे. एकदा पौषातल्या दुपारी तू तुझा जांभळा स्वेटर डोक्यावरून ओढून काढलास आणि त्या अंधाऱ्या खोलीत चटचट आवाज होऊन निळ्या ठिणग्या उडाल्या. मला वाटलं तू पेटलीस. मी भोकाड पसरलं. तू माझं तोंड दाबलंस आणि माझाही स्वेटर उतरवलास. माझ्यातूनही तशाच ठिणग्या. तू म्हणालीस, "पाह्य, माह्यात हाय तशी तुह्यातही हाय. काहून भेतं?" कापसाच्या ढिगावर उभ्या राहून दोन पोरी ठिणग्या पाडत होत्या. बाबांना कळतं तर त्यांनी आपली चामडी लोळवली असती.

पुढे मी विज्ञानाची बाई झाले आणि हेच मुलांना शिकवून पोट भरू लागले. तेही तुझ्यामुळेच. मॅट्रिकनंतर बाबा माझं शिक्षण थांबवायला निघाले होते, तेव्हा तू नव्यानेच सासरी गेलेली असूनही मला यवतमाळला तुझ्या घरी ठेवून घेतलंस. तुझी सासू उठता बसता टोमणे मारायची आणि तू ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायचीस. माझी बी.एस्सी. तुझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून झाली. पोळ्या लाटता लाटता तू माझ्याकडून धडे म्हणून घ्यायचीस आणि चुकलं की लाटणं उगारायचीस.

दर हिवाळ्यात मी तो तास घेते. कंगवा केसांवर घासा, कागदाचे कपटे उचला. पोरांना वाटतं घासल्यामुळे वीज तयार होते. मी त्यांना सांगते, तयार काही होत नाही. केसांतलं थोडं कंगव्याने ओढून घेतलं, एवढंच. जेवढं एकाकडे जास्त झालं तेवढंच दुसऱ्याकडे कमी पडलं. कोरड्या हवेत ते तसंच अडकून राहतं आणि पहिली वाट मिळाली की पळतं. वाट म्हणजे नळ, कडी, खिडकीचा गज किंवा समोर आलेलं कुणाचंही बोट. समोरच्याने काही केलेलं नसतं आणि ज्याच्या अंगावर ते साठलं त्यानेही काही केलेलं नसतं. हे आठवीतल्या पोरांना समजतं. तुला तर ते त्यांच्याही आधीपासून समजत होतं, आणि म्हणूनच मी तुला माफ करू शकत नाही.

माझा नवरा गेला तेव्हाचं आधी सांगते, कारण तेवढा तुझा मान आहे. प्रकाश शाळेच्या मैदानावर पोरांच्या सामन्यात पंचाचं काम करताना छाती धरून खाली बसला आणि उठला नाही. तू यवतमाळहून मिळेल त्या गाडीने आलीस. माझ्या सासरच्या बायका मला न्हाणीकडे घेऊन निघाल्या होत्या, बांगड्या फोडायला. तू दारात आडवी उभी राहिलीस. "तिच्या हाताले कोनी हात लावला तं पाह्यजा," एवढंच बोललीस. बायका मागे सरल्या. माझ्या बांगड्या हातातच राहिल्या, कुंकू कपाळावरच राहिलं. त्या दिवशी मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले, आणि नंतर कित्येक महिने तू फोन करून मी जेवले का ते विचारत होतीस. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझा राग करणं सोपं गेलं असतं.

मग पुढची संक्रांत आली. हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवा, आपण एकविसाव्या शतकात आहोत, असं भाषण तू मंडळात ठोकलं होतंस. पेपरात फोटोही आला होता. आता बोलवायला विधवा शोधायला नको होती, घरातच होती. तू मला आग्रहाने बोलावलंस आणि मी गेले. एसटीने, नवी पॉलिस्टरची साडी नेसून, वर ॲक्रिलिकची शाल. तुझ्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, हवा कोरडी ठणठणीत. मी बराच वेळ खुर्चीत चुळबुळ करत बसले होते. माझी पाळी आली तशी उठून तुझ्यासमोर गेले. तू कुंकवाचं बोट पुढे केलंस आणि ते कपाळाला टेकायच्या आधीच चट्ट झालं. तुझा हात झटक्याने मागे गेला, करंडा पालथा झाला आणि कुंकू फरशीभर पसरलं.

मग वकिलीणबाई हळूच म्हणाल्या की काही गोष्टी देवालाच मान्य नसतात. मी अतिशहाणी. मी तिथल्या तिथे तास घेतला. पॉलिस्टर, प्लास्टिकची खुर्ची, कोरडी हवा. जे साठलं होतं ते आता निघून गेलं, पुन्हा लावून बघ, काही होणार नाही. बायकांनी ऐकून घेतलं आणि सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या. तुला फक्त पुन्हा बोट बुडवायचं होतं. करंड्याच्या तळाशी पुरेसं कुंकू होतं, मी बघितलं होतं. तू हसलीस, ते फोटोतलं हसणं, आणि म्हणालीस, "हिच्या तर अंगातच करंट आहे. राहू दे सुलभा, तू बस." सगळ्या हसल्या. मी बसले. चारचौघांत तू मला सुलभा म्हणायचीस आणि शुद्ध बोलायचीस. सुले ही हाक आणि आपली बोली दार लावल्यावरची होती.

तेव्हापासून तो करंट माझ्या नावाला चिकटला. बारसं असो, डोहाळजेवण असो, ओटी भरायची वेळ आली की तू लाडाने सांगायचीस, सुलभा, तुझा करंट लागेल हं, जरा लांब. विधवा हा शब्द तू एकदाही उच्चारला नाहीस. गोड बोलून तू मला खोलीच्या कोपऱ्यात नेऊन बसवलंस आणि तुझं एकविसावं शतकही शाबूत राहिलं. दुसऱ्या कुणी मला अपशकुनी म्हटलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण करंटाशी कशी भांडणार? दर हिवाळ्यात तो थोडाफार खराच होता. एकदा मी तुला स्वयंपाकघरात गाठून विचारलं की हे काय चालवलं आहेस. तू म्हणालीस, गंमत केली तर इतकं काय मनावर घ्यायचं, तू फार हळवी झालीस. आणि फोडणीला मोहरी टाकलीस. पुढचं मी काय बोलले ते तडतडण्यात गेलं.

मग मी मूर्खासारखे त्यावर उपाय केले. तुझ्याकडे येताना सुती साडी नेसू लागले. शाल सोडली, थंडीत कुडकुडत आले. आधी गेटाच्या लोखंडाला अख्खा पंजा टेकवायचा, मग चप्पल काढून फरशीवर अनवाणी उभं राहायचं, मग आत यायचं. खुर्चीत बसायचं नाही. मला वाटायचं ठिणगी पडलीच नाही तर तुला निमित्त उरणार नाही. पण कंगवा नुसता पत्र्याच्या डब्याजवळ नेला, शिवलाही नाही, तरी डब्यातली वीज जागची सरकते. तुझ्या घरच्या बायका तशाच सरकायच्या. मी दारात दिसले की त्यांच्या ओळीतल्या जागा आपोआप बदलायच्या.

तुझी ऋतू तेवढी मला येऊन चिकटायची. तुझी एकुलती पोर, पण सुट्ट्या राळेगावला माझ्याकडे. जॅमच्या बाटलीत तांब्याची तार आणि चॉकलेटच्या चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या लटकवून आम्ही विद्युतदर्शी केला होता. घासलेला कंगवा जवळ आणला की पट्ट्या फाकायच्या, लांब नेला की मिटायच्या. दुपार दुपार तेच चालायचं. मोठी होऊन तिने फार्मसी केली, औषधाच्या दुकानात बसू लागली, तरी हिवाळ्यात मला बघितलं की मुद्दाम बोट पुढे करायची आणि म्हणायची, मावशी, दे झटका. मला मूल नाही. तिच्या लग्नात पहिली हळद माझ्या हातची लागावी, एवढं एकच मला तुझ्या घरून हवं होतं. मी ते तोंडाने कधी मागितलं नाही. पण मला काय हवंय ते तुला लहानपणापासून माझ्याआधी कळायचं, तेव्हा हेही कळलेलं होतं.

या जुलैत तिचा साखरपुडा झाला, चातुर्मास लागायच्या आत उरकला. पावसाने झड लावली होती. भिंतीला हात लावला तर ओला होत होता, पापड मऊ पडले होते. समई लावताना काड्यापेटी पेटेना, शेवटी भाऊजींनी गॅसवर वात पेटवून आणली. अशा हवेत अंगावर काही साठत नाही, ताई. ओल ते ठरूच देत नाही. मी कंगवा घासून मेले असते तरी एक कपटा उचलला गेला नसता. बायका ऋतूची ओटी भरायला उभ्या राहिल्या, तशी ऋतूने मला हाताला धरून पुढे ओढलं. मी खण-नारळ हातात घेतला. आणि तू हसत मधे आलीस. "सुलभा, तू राहू दे. पोरीला तुझा करंट लागेल."

मी विचारलं, "ताई, जुलैत कसला करंट?"

तुझं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्यावरून निघून गेले. मग तू बायकांना म्हणालीस की हिची शाळा कुठेही सुरू होते. सगळ्या परत हसल्या. तू माझ्या हातातला खण काढून घेतलास, अगदी हळू, लहान मुलाच्या हातातला विळा काढून घेतात तसा. त्या वेळी मला सगळं लख्ख दिसलं. ठिणग्यांचा कधीच काही संबंध नव्हता. मी इतकी वर्षं लोखंडाला हात टेकवत होते, सुती साड्या नेसत होते आणि तू खिडकीतून बघत होतीस.

परत येताना एसटीत मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आपल्या गावच्या, ज्या यवतमाळला गेल्यावर तू विसरली होतीस. हिचं वाटोळं होवो, असंही म्हणाले. पोळ्याच्या सुमारास तुझ्या पित्ताशयाचा कॅन्सर निघाला. त्याबद्दल मी अपराधी वाटून घेणार नाही. कॅन्सर शापाने होत नाही, हे विज्ञानाची बाई म्हणून सांगते.

दिवाळीपर्यंत तू अंथरुणाला खिळलीस. ऋतूची नोकरी. भाऊजींना खोलीतला वास सहन होत नव्हता, ते बाहेर पेपर वाचत बसायचे. तुझ्या मंडळातल्या बायका शहाळी घेऊन आल्या आणि शहाळी ठेवून गेल्या. मग मी रजा टाकून आले. तुला पुसलं, तुझे कपडे बदलले, तुझं ओकलेलं भरलं. इतकी वर्षं लांब बस म्हणणारी तू माझ्या गळ्यात हात टाकून उठायचीस. मला त्याचा आनंद होत होता, ताई, चांगला भरपूर. दर वेळी तुला हात लावताना मी मनात म्हणायचे, बस आता लांब.

एका सकाळी तुला उशीला टेकवून केस विंचरत होते. थोडेच उरले होते. हवा कोरडी आणि कंगवा प्लास्टिकचा, केस कंगव्यामागे उठून उभे राहत होते. समोरच्या आरशात तू ते बघत होतीस. मी म्हटलं, "एकदा सांगून टाक, ताई. करंट नव्हता ना?"

मग ते तुझं शहरी बोलणं कुठल्या कुठे गेलं. "नव्हता," म्हणालीस. "मले भेव वाटे, सुले."

"माह्यं?"

"तुह्यं नाही. तुह्या कपाळाचं. तू पोरीले हात लावशीन अन् ते तिच्यावर येईन, असं वाटे. यायच्यावरही." आणि तू बाहेरच्या खोलीकडे मान केलीस, जिथे भाऊजी बसले होते.

मी विचारलं, मग आता माझ्या हातचं पाणी पितेस ते कसं. तू म्हणालीस, आता मले कायचं भेव, मी तं पुढेच चालली. खरंच तुझ्या तोंडावर समाधान होतं. नवरा धडधाकट आणि आपण आधी. थोड्या वेळाने तू माझं मनगट धरलंस. "ऋतूले सांगू नको."

मी हो म्हटलं नाही. तुला अजून त्या भाषणाची आणि फोटोची काळजी लागली आहे, असं मला वाटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मनात म्हणत मी कंगव्यातले केस काढून टाकले.

तुझ्या तोंडून खरं ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तू करंट म्हणायचीस तेव्हा मला वाटायचं की तू मला छळते आहेस, आणि छळणाऱ्या माणसाशी निदान वैर धरता येतं. माझ्या बांगड्यांसाठी दारात आडवी उभी राहणारी तू माझ्या कपाळाला घाबरत होतीस, हे कळल्यावर मला तुझी कीव आली. आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. एवढं मात्र कबूल करते की तुझा उपाय लागू पडला. तू अहेव गेलीस. हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. बायका म्हणाल्या, भाग्याची. भाऊजींची तब्येत उत्तम आहे, काल त्यांनी बुंदी पुन्हा मागून घेतली.

तू गेलीस त्या सकाळी तुला खाली फरशीवर निजवलं होतं आणि बायका ओळीने ओटी भरत होत्या. मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगावर कुणाचीतरी लोकरी शाल. गेटाला हात टेकवायचं भान त्या दिवशी नव्हतं. ऋतू तुझ्या उशाशी बसली होती. तिने मला हाक मारली आणि आईला कुंकू लाव म्हणाली. भाऊजींची बहीण, तुमच्या घरची आत्या, काहीतरी बोलायला तोंड उघडून गप्प बसली. मी उठले, कुंकवात बोट बुडवलं, वाकले. बोट कपाळाला टेकायच्या आत चट्ट झालं.

आत्या भिंतीपर्यंत सरकली. ठिणगी पडायला समोरचं माणूस जिवंत असावं लागत नाही, खिडकीच्या गजालाही तेवढं जमतं. पण त्या वेळी हे मी कोणाला सांगणार होते? ऋतूने सांगितलं, रडता रडता, नाक ओढत. स्टॅटिक आहे ते, मावशी खुर्चीवरून उठली म्हणून झालं. तिने माझं मनगट धरलं आणि माझं बोट तुझ्या कपाळावर नेऊन टेकवलं. या वेळी काही झालं नाही, जायचं ते गेलं होतं. तुझं कपाळ गार होतं. मी तेव्हा रडले ते तुझ्यासाठी नाही, तुझ्या पोरीसाठी. मला वाटलं, ही माझी आहे.

काल लोक जेवून गेल्यावर घरची माणसं बसली होती. लग्न माघातलं ठरलेलं आहे आणि ते पुढे ढकलायचं नाही, असं दोन्हीकडून ठरलं. मग गोष्ट हळदीवर आली. भाऊजी म्हणाले, पहिली हळद आता मीच लावतो, आई नाही तर बाप. आत्या म्हणाली, बरोबर आहे दादा. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांची बायको जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, पण त्यांच्या कपाळात कुणाला काही दिसलं नाही.

ऋतू म्हणाली, पहिली हळद मावशी लावेल. भाऊजी म्हणाले, तुझ्या आईला ते चाललं नसतं, मावशीचे झटके बसतात. ऋतू चक्क हसली. त्यात काय, म्हणाली, मावशीला सुती साडी नेसवू आणि आधी गेटाला हात लावायला लावू. भाऊजींनी आत्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. ताई, मी जिंकले होते. मला नुसती मान हलवायची होती.

पण ते मला करंटाच्या नावावर नको होतं. ज्या थापेखाली तू मला दाबून ठेवलंस, तिच्याच कृपेने मला हळद लावायची नव्हती. त्या खोलीत एकदा तो शब्द निघावा आणि त्यानंतरही ऋतूने म्हणावं की मावशीच लावेल, असं मला हवं होतं. मी बोलले. म्हटलं, झटक्यांचा काही संबंध नाही, मी विधवा आहे म्हणून तुझी आई मला लांब ठेवत होती. केस विंचरताना तिनेच मला सांगितलं. आणि तुझे शब्द तसेच्या तसे सांगितले, तुझ्याच बोलीत. तुह्या कपाळाचं भेव वाटे. तू पोरीले हात लावशीन अन् ते तिच्यावर येईन.

"आई असं म्हणाली?" ऋतूने विचारलं.

"हो."

"माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, हो, तुझ्याबद्दल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली माझ्या हातांवर आली. तिचा होणारा नवरा जेवून नुकताच मोटरसायकलने पांढरकवड्याला निघाला होता. तिने फोन काढून त्याला लावला आणि कुठवर गेलास, हळू जा, एवढंच म्हणाली. एकाकडून दुसऱ्याकडे काय जातं आणि काय जात नाही ते मीच तिला शिकवलं होतं. ते सगळं ती आजही पाठ म्हणून दाखवेल. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "मावशी, मग बाबांनाच लावू दे. चालेल ना?" फार प्रेमाने म्हणाली. तुझ्यासारखं हसून नाही, डोळ्यांत पाणी आणून.

मी चालेल म्हटलं. निघताना तिने माझ्यासाठी चहा करून आणला आणि हातात न देता स्टुलावर ठेवला.

ऋतूले सांगू नको, असं तू म्हणालीस तेव्हा मला वाटलं तू तुझी झाकली मूठ राखते आहेस. तुला तुझी पोर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. ठिणगीला ती कधी भ्याली नाही, कारण ठिणगी मी तिला समजावून दिली होती. आईच्या भीतीपुढे माझं शिकवणं टिकलं नाही. तुझ्याबरोबर ती भीती जळून गेली असती, ताई. मीच ती उचलून तिच्यापर्यंत पोचवली, आणि तेही स्वतःला खरं बोलणारी समजून.

माघात मी हळदीला जाईन. मागे बसेन, जेवेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन. तुला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण हे तुला कळायला हवं म्हणून सांगते. तू खोटं बोलत होतीस तोवर ती माझ्याजवळ येत होती.